डाव्या घोट्याचं हाड

रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असं सूनबाईने आठवडाभर आधीच बजावून ठेवलं होतं. आणि सूनबाईने एकदा बजावलं की आप्पासुद्धा नखांतलं प्लॅस्टर घासून काढून वेळेवर टेबलाशी येऊन बसत. निमित्तही तसंच होतं. मुंगीचा प्रबंध छापून, बांधून घरी आला होता आणि सोमवारी सकाळी दहा वाजता ती तो विद्यापीठात नेऊन देणार होती. चार वर्षं या घराने तो प्रबंध सोसला होता. त्याच्यापायी दोन सहली रद्द झाल्या होत्या आणि टेबलाचा एक कोपरा कायमचा गेला होता.

मुंगी म्हणजे आप्पांचा मुलगा थोरला आणि सूनबाई यांची एकुलती एक लेक, आप्पांची नात. लहानपणी ही पोर खालच्या कारखान्यात सांडलेले प्लॅस्टरचे कण एकेक करून उचलायची आणि डबीत भरून ठेवायची, म्हणून आप्पांनीच तिला ते नाव दिलं होतं. आता ती सव्वीस वर्षांची होती, संग्रहालयात जुन्या हाडांवर काम करत होती, आणि कण उचलण्याची सवय काही गेली नव्हती.

"आप्पा, बघा तरी," असं म्हणत तिने तो जाडजूड ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेवला. "जेवण वाढेपर्यंत चित्रं बघा."

आप्पांनी चष्मा पुसला. मजकूर त्यांना झेपणारा नव्हता, पण चित्रं झेपत होती. साठ वर्षं त्यांनी हाडांचेच साचे काढले होते. संग्रहालयाने हाडं पाठवायची, यांनी साचा घालून प्लॅस्टरच्या हुबेहूब प्रती करायच्या, मूळ हाडं परत कपाटात जायची आणि प्रती दालनात उभ्या राहायच्या, असा हा घरचा धंदा. आप्पांच्या वडिलांनी, नानांनी, तो सुरू केला, आप्पांनी वाढवला, आता थोरला बघत होता. त्यामुळे म्हातारा पानं उलटत होता आणि हसत होता. ही बरगडी आपली. हा जबडा थोरल्याच्या हातचा, कडा जरा जास्तच घासतो तो. हा मणका नानांचा.

एकशे बाराव्या पानावर त्यांचं हसू मावळलं.

पानभर एकाच हाडाचे चार फोटो होते. मागच्या पायाच्या डाव्या घोट्याचं हाड, वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी. खालच्या अर्ध्या भागावर मुंगीने बारीक बाण काढून आकडे घातले होते. आप्पांनी ते हाड ओळखलं. ओळखणारच. त्याचा तो खालचा अर्धा भाग त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता, एका दुपारी बसून, शेजारच्या गल्लीतल्या खाटकाकडून आणलेल्या बकरीच्या घोट्याकडे बघून.

"मुंगे," आप्पांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हे पान कशाबद्दल गं?"

"अहो, हेच तर मुख्य पान." ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "हे अर्धं आयुष्य पाण्यात काढणारं जुनं जनावर. आणि ही खालची खाच बघा, विहिरीच्या रहाटासारखी. अशी खाच फक्त दुभंग खुरवाल्यांच्या घोट्यात असते. म्हणजे हे पाण्यातलं जनावर खुरवाल्यांच्या घराण्यातलं निघालं. गाय, हरिण, बकरी."

"बकरी," आप्पा म्हणाले.

"बकरीसुद्धा. सगळा प्रबंध या खाचेवर उभा आहे म्हणा ना."

आप्पांनी ग्रंथ मिटला. मुंगी कुठल्याशा जनावराच्या पायावर काम करते एवढं त्यांना ठाऊक होतं, पण संग्रहालयात जनावरं काय कमी आहेत. नेमकं तेच असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

गोष्ट एक्कावन्न वर्षांपूर्वीची. जुन्या हाडावर साचा घालण्याआधी त्याला लाखेचे दोन हात द्यावे लागतात, ते वाळू द्यावे लागतात, मग मऊ साबण आणि मग प्लॅस्टर. नाही दिले तर हाड प्लॅस्टर पिऊन बसतं आणि सुटत नाही. त्या सकाळी डाव्या घोट्याला लाख द्यायची राहिली, कारण दवाखान्यातून निरोप आला की आप्पांच्या बायकोला कळा सुरू झाल्यात. आप्पांनी तसाच साचा घातला आणि पळत सुटले. थोरला जन्मला. दुसऱ्या दिवशी सकाळी साचा उघडला तर हाडाचा खालचा अर्धा भाग साच्यासकट चुरा होऊन हातात आला.

नाना परगावी होते, परवा यायचे होते. उजवा घोटा मुळात सापडलाच नव्हता, म्हणून आप्पांनी मग ती बकरी केली, म्हणजे बकरीच्या घोट्याकडे बघून खालचा भाग घडवला, हाडाला जोडला आणि प्रत काढली. करायला हरकत नव्हती. तुटलेल्या भागावर भर घालणं हा कामाचाच भाग होता. पण नानांचा एक नियम होता, आणि त्या नियमावर या कारखान्याचं नाव उभं होतं. जिथे हाड संपून आपला हात सुरू झाला, तिथे गेरूचा एक ठिपका द्यायचा, हरभऱ्याएवढा. ठिपका दिसला की बघणाऱ्याला कळतं, इथून पुढे माणसाचं. आप्पांनी त्या एका हाडावर ठिपका दिला नाही. दिला असता तर नानांनी विचारलं असतं, हाड फुटलंच कसं. उद्या सांगू, असं म्हणून ते राहिलं. नाना आले, त्यांनी घोटा हातात घेऊन उजेडात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या हातूनही इतका स्वच्छ घोटा कधी उतरला नाही." बापाने आयुष्यात केलेली ती पहिली स्तुती. त्यानंतर आप्पांचं तोंड जे बंद झालं ते झालं. पुढे चार वर्षांनी संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं, मूळ हाडं गेली, आणि जगात उरली ती आप्पांची प्रत.

"चला, बसा सगळे," सूनबाईने भांडी टेबलावर मांडली.

आक्कांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, चाळीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. त्यांचे आभार मानणं लांबायचं. आज त्यांनी अन्नाचे, घराचे, गुडघ्यांचे आभार मानले आणि शेवटी, "या पोरीने एवढं लिहिलंय, त्यातलं जे खरं असेल ते टिको," असंही जोडून दिलं.

"आक्काआजी, हा टोमणा होता," मुंगी म्हणाली.

"प्रार्थना होती. तुला लागली का?"

थोरला हसला आणि ताट पुढे ओढलं. त्याला या वादात कधीच रस नव्हता. घरात दोन पक्ष होते. आप्पा आणि आक्का मानायचे की देवाने प्रत्येक जीव ठरवून, वेगळा, आपल्या हाताने केला. मुंगी मानायची की एकातून दुसरा होत होत सगळे आले. सूनबाई आईच्या नात्याने मुंगीकडून असायची, पण मुंगी उद्धट बोलली की तेवढ्यापुरती पक्ष बदलायची. थोरल्याचं म्हणणं एवढंच, की हाडं हातात येतात तेव्हा ती थंड असतात आणि पुढचं त्याला कोणी विचारू नये.

"मी हजारभर पोरं या हातांवर घेतली," आक्कांनी सुरुवात केली. "दहा बोटं, दहा नखं, श्वास घ्यायला सांगावं लागत नाही. एकही पोर मला आपोआप झालेलं दिसलं नाही."

"आपोआप कोण म्हणतंय? सावकाश म्हणतेय मी."

"किती सावकाश?"

"कोट्यवधी वर्षं."

"आणि ती तू मोजलीस."

"दगड मोजतात, आजी. त्याची रीत आहे."

"रीत आमच्याकडेही आहे," आक्का म्हणाल्या. "बोल ना रे आप्पा. एरवी तुझं तोंड बंद करावं लागतं."

आप्पा घास चावत होते. एरवी हा वाद म्हणजे त्यांचं आवडतं पक्वान्न. मुंगी दहा वर्षांची असल्यापासून ते तिच्याशी भांडत आले होते आणि प्रत्येक भांडणानंतर दोघांना कडकडून भूक लागायची. आज घास तोंडात फिरत होता.

"बोलतो की," ते म्हणाले. "मुंगे, तुझ्या त्या मोठ्या दालनात मी मागच्या महिन्यात जाऊन बसलो होतो. माणसं आत आली की आवाज खाली आणतात. बाप पोराला उचलून दाखवतो, तो बघ, हा तुझा पूर्वज. पोरगं विचारतं, कशावरून? बाप म्हणतो, पाटीवर लिहिलंय. तुमच्याकडे ग्रंथ आहेत, ते समजावणारे गुरू आहेत, आणि कोणी शंका काढली की भुवया वर जातात. मला ते काही परकं वाटलं नाही. घरच्यासारखंच वाटलं. अगं, देऊळच आहे ते. आणि मूर्ती कोण करतं? मी."

सूनबाई खळखळून हसली. मुंगीलाही हसू आलं.

"देवळात तपासायची सोय नसते, आप्पा."

"तू पाहिलंस का एका जनावरातून दुसरं निघताना?"

"नाही. तुम्ही पाहिलंत देवाला करताना?"

"नाही. म्हणून तर मी त्याला श्रद्धा म्हणतो. तू म्हणत नाहीस. आपल्यात फरक तो एवढाच."

"एवढाच नाही." मुंगीने चमचा खाली ठेवला. "तुमच्या कुठल्या पानावर चूक निघाली तर तुम्ही पान फाडाल? मी फाडेन. माझं एकेक माप मी तीनदा घेतलंय."

"तीनदा?"

"तीन वेगळ्या दिवशी."

आक्कांनी टेबलाखालून भावाच्या पायाला पाय लावला. उत्तर दे, असा त्याचा अर्थ. आणि उत्तर आप्पांच्या जिभेवर होतं. एकच वाक्य. तू तीनदा मोजलंस ते माझं प्लॅस्टर आहे, पोरी, आणि खाली बकरी आहे. सोळा वर्षांचा वाद एका वाक्यात संपला असता. ती ज्याला पुरावा म्हणत होती ते तिने डोळे मिटून मानलं होतं, कारण ते अशा घरातून आलं होतं ज्यावर तिचा विश्वास होता. आणखी दुसरी श्रद्धा ती काय असते? ते वाक्य बोलावंसं आप्पांना फार वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, फारच वाटलं.

पण तेवढ्यात सूनबाईने ग्रंथ उचलला. "भांडणं पुरे. मी ते पहिलं पान वाचून दाखवते. मला दोन दिवस झाले, रडूच येतंय."

"आई, नको."

"गप्प बस." सूनबाई वाचू लागली. "'ज्या प्रतींवर हे काम झालं त्या माझ्या आजोबांच्या कारखान्यातल्या आहेत. तिथे जिथे भर घातली जाते तिथे गेरूचा ठिपका दिला जातो. ठिपका नसेल तर ते हाड जसंच्या तसं आहे, हे मी वाचायला शिकण्याआधी शिकले. आप्पांच्या हातावर ठेवलेल्या विश्वासावर हा प्रबंध उभा आहे.'"

थोरल्याने खाली मान घालून नाक पुसलं. आक्काही क्षणभर वाद विसरल्या. आप्पांची मात्र जिंकायची हौस होती ती कुठल्या कुठे गेली आणि नुसती लाज उरली. उद्या दहाला हा ग्रंथ विद्यापीठात जाणार. पुढे कधीतरी, कुठल्यातरी देशात, दुसरा कोणी असंच हाड काढेल, या हाडाशी ताडून बघेल, आणि भर सभेत माझ्या नातीला विचारेल. तिच्याकडे उत्तर नसेल, आणि ज्याच्याकडे आहे तो तोवर मातीत गेलेला असेल. आजच्या आज सांगायला हवं होतं. आणि सांगितलं की त्या पहिल्या पानावरची ओळ पुसली जाणार होती, नानांच्या ठिपक्यासकट.

ते ताट सारून उठले. "मुंगे, जरा खाली चल."

"आत्ता? गोड राहिलंय अजून."

"आत्ता."

"हरला," आक्का सूनबाईला म्हणाल्या. "पहिल्यांदा बघतेय, उत्तर न देता उठला."

"हरलो म्हण," आप्पा म्हणाले आणि जिना उतरू लागले.

कारखान्यात दुपारचा उजेड उंच खिडक्यांतून लांब बाकावर पडला होता. ओल्या प्लॅस्टरचा आणि साबणाचा वास. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर प्रत्येक कामाची एक प्रत नानांच्या काळापासून जपून ठेवलेली. आप्पांनी स्टूल ओढलं, चढले, तिसऱ्या फळीवरून एक हाड काढलं आणि बाकावर ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. लाख, दवाखाना, चुरा, खाटीक, नाना. स्वतःची बाजू घेणारं एकही वाक्य त्यांनी मध्ये घातलं नाही. त्यांना तसं सुचलंही नाही.

मुंगीने ते हाड उचललं, खालचा भाग अंगठ्याने चाचपला.

"ही खाच?"

"बकरीची. मोठी करून घेतली."

"एक्कावन्न वर्षं, आप्पा." ती म्हणाली. "मी चार वर्षं एका खाटकाच्या बकरीवर प्रबंध लिहिला?"

"खाटकाच्या बकरीवर आणि माझ्या हातावर. लिहिलंयस की तू तसं, पहिल्या पानावर."

ती रडली. मोठ्याने नाही, पण चांगली रडली, आणि रागावलीही. "मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला कधी, की मुंगे, कुठलं जनावर?" असं तिने दोनदा विचारलं. आप्पा दोन्ही वेळा "चुकलं" म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. थोरला होता, हातात गोडाच्या वाट्या. त्याने शेवटचं बरंचसं ऐकलं होतं.

"म्हणजे मी जन्मलो म्हणून ते हाड फुटलं," तो म्हणाला.

"तुझा काय दोष," आप्पा म्हणाले.

"दोष नाही म्हणत. पण पन्नाशी उलटल्यावर कळतंय मला." त्याने वाट्या बाकावर ठेवल्या आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. थोरला कमी बोलायचा, पण उभा राहायचा.

मागोमाग सूनबाई आणि तिचा हात धरून आक्का उतरल्या. पुन्हा सगळं सांगून झालं. आक्कांना समजायला वेळ लागला नाही, आणि समजल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपण जिंकलो की रे. चार वर्षं पोरीने श्रद्धेनेच काम केलं, आणि तीही तुझ्यावर. मग टेबलावर का नाही बोललास?"

"यात कोणी जिंकलं नाही आक्का. पोरीचं पान गेलं आणि नानांचा ठिपका गेला. जिंकली असेल तर ती बकरी."

सूनबाईला हसू आवरेना, आणि ती हसली म्हणून मुंगीही, डोळे पुसता पुसता. मग तिने फोन उचलून कोपऱ्यात जाऊन आपल्या मार्गदर्शक बाईंना लावला. घरचे सगळे प्लॅस्टरची पोती बघत असल्याचा आव आणून ऐकत होते. उद्या देत नाही, ती सांगत होती. नाही बाई, आजारी नाही. ते हाड जसंच्या तसं नाही, खाली भर घातलेली आहे. हो, खात्री आहे, ज्यांनी घातली त्यांनीच सांगितलं. हो, पूर्ण प्रकरण काढावं लागेल. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

"चार महिने," परत येऊन ती म्हणाली. "परदेशात एका संग्रहालयात याच जनावराचा दुसरा घोटा आहे, अजून दगडातून पूर्ण काढलेला नाही. बाई पत्र लिहितायत. तो निघाला की मोजायचा."

"तो बकरीसारखा नसला तर?" आप्पांनी विचारलं.

"तर माझं म्हणणं खोटं. तसं छापेन."

"आणि मग? देवाने केलं म्हणशील?"

"नाही. या जनावरापुरतं चुकलं म्हणेन."

"बघ," आप्पा म्हणाले, पण त्यात चिमटा नव्हता. "एक पान फाटलं तरी ग्रंथ राहिला. तुझी आजी आजारी होती तेव्हा मी सात महिने रोज एकच मागणं मागितलं. नाही मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा हात जोडले. लोकांना वाटलं, म्हातारा सवयीने करतोय. सवयीने नव्हतं ते. एका मागण्यावर माझं काही उभं नव्हतं. तुझंही एका घोट्यावर नाही. म्हणून मला वाटतं, पोरी, तू आमच्यातलीच आहेस. फक्त दुसऱ्या दारातून आत गेलीस."

"मी पान फाडलं, आप्पा. ते मोजा की."

"मोजलं. म्हणूनच तर बरं वाटतंय." आणि ते खरं होतं. एक्कावन्न वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मुंगी पुन्हा ते हाड फिरवून बघत होती. "एक सांगा. बकरीच का? खाटकाकडे बाकीची जनावरंही होती. वरचा अर्धा भाग खरा होता ना? तो बघून तुम्हाला बकरी का सुचली?"

आप्पांनी हाड हातात घेतलं. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. "त्याची वळणं तशी होती," ते म्हणाले. "आपल्याकडे नाही का, थोरल्याचा जबडा मी डोळे झाकून ओळखतो, नानांचा मणका ओळखतो. कामावरून हात कळतो. तो वरचा भाग बघितला आणि वाटलं, ज्याने बकरी केली त्याच्याच हातचं आहे हे."

"मी त्याला नातं म्हणते," मुंगी हळूच म्हणाली.

"तू नातं म्हण. मी हात म्हणतो. बघितलं दोघांनी तेच."

"पण तुमचा अंदाज होता. मला माप लागेल."

"घे की. मी कुठे नको म्हणतोय."

आक्कांना यातलं फारसं पटलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण गोडाची दुसरी वाटी खाताना त्या पोत्यावर मजेत बसल्या होत्या.

आप्पांनी गेरूची डबी उघडली, चिमूटभर गेरू पाण्यात कालवला आणि बारीक ब्रश घेतला. मुंगीने त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. हाड जिथे संपत होतं आणि आप्पा जिथे सुरू होत होते, नेमक्या त्या रेषेवर ठिपका बसला. थोडा ओघळला. थोरल्याने फडकं पुढे केलं, आप्पांनी नको म्हणून मान हलवली.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," ते मुंगीला म्हणाले. "संग्रहालयातल्या प्रतीवरही देतो. आणि त्यांना कागदावर लिहूनही देतो. ते पहिलं पान मात्र काढून टाक."

"ते ठेवणार आहे. खाली एक ओळ घालेन, की चूक तुम्हीच दाखवलीत." तिने ड्रॉवरमधून मापाचा कॅलिपर काढला आणि वही उघडली. "पण आता मला या फळ्यांवरचं सगळं मोजावं लागेल. या जनावराचं तरी. अजून कुठे बकरी आहे का?"

"नाही."

"रागावू नका."

"रागावतोय कशाला? बस."

सूनबाई आक्कांना घेऊन वर गेली, थोरला भांडी घेऊन गेला. आजोबा आणि नात बाकाच्या दोन बाजूंना बसली. आप्पा एकेक हाड फळीवरून उतरवत होते, आणि उतरवतानाच नुसत्या हाताने चाचपून आकडा सांगत होते. मांडीचं हाड, वरची रुंदी एकसष्ट. मुंगी कॅलिपर लावायची. एकसष्ट. नडगी, मधोमध अडतीस. अडतीस. तिसरं बोट, लांबी चोवीस. चोवीस. तासभर हे चाललं, आणि कुठेही मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं नाही. मुंगीचा चेहरा हळूहळू निवळत गेला. म्हाताऱ्यालाही आत कुठेतरी गार वाटत होतं.

शेवटी एक हाड राहिलं, टाचेचं.

"लांबी सत्याऐंशी," आप्पा म्हणाले.

मुंगीने वहीत सत्याऐंशी लिहिलं आणि वही मिटली. कॅलिपर तिच्या उजव्या हाताशी तसाच पडून होता.

आप्पांनी ते बघितलं. त्यांनी टाचेचं हाड तिच्यापुढे सरकवलं आणि वही पुन्हा उघडून दिली.

"मोज," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग कॅलिपर उचलला आणि मोजलं. सत्याऐंशीच भरलं.